लाइट-पाणी धरून

दादा आला तो टेम्पो ठरवूनच. दोन जिने चढून दारात उभा राहिला, एका हातानं चौकट धरली आणि श्वास जागेवर यायच्या आत म्हणाला, "सातला येतोय तो. तुझं सामान ते काय, एक ट्रंक, एक गादी आणि ती पुस्तकं शिवायची चौकट. अर्ध्या तासात खेळ खलास."

"कोण येतोय?" आत्यानं विचारलं.

"टेम्पोवाला. तीन महिने झाले ना आज? हौस फिटली ना? चल आता घरी, चिंगे."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. त्रेसष्ट वर्षांची बाई, छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात अडतीस वर्षं पुस्तकांचे फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवून गेल्या पावसाळ्यात निवृत्त झालेली, सगळ्या घरादाराची आत्या. पण दादानं एकदा चिंगे म्हटलं की ती आपली सात वर्षांची व्हायची, आणि सात वर्षांच्या मुलीला कुठं उत्तर सुचतं?

ती जन्मली वडिलांच्या घरात आणि वडील गेल्यावर त्याच घराला लोक दादाचं घर म्हणू लागले, एवढाच काय तो तिच्या पत्त्यातला बदल. लग्न झालं नाही. का झालं नाही हा विषय आता कुणी काढत नसे. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी जेवताना तिनं "मी एक घर बघितलंय, भाड्याचं" असं म्हटलं तेव्हा दादा हसला होता. मग चिडला. मग आठ दिवस अबोला. शेवटी त्याचीच धाकटी मुलगी मध्ये पडली. "तीन महिने राहून बघू दे ना तिला, बाबा. नाही जमलं तर येईल परत." घरमालकिणीनंही करार तीनच महिन्यांचा केला होता. खाली जिचं चष्म्यांचं दुकान, तीच ही घरमालकीण. आज साडेसहाला ती येऊन पुढचं काय ते सांगणार होती. आणि नेमकं म्हणूनच आज दादाची स्वारी सहकुटुंब दाखल झाली होती, घर पहिल्यांदा बघायला. बघायला म्हणजे मोडायला, हे कळायला काही शास्त्र शिकावं लागत नाही.

दादाच्या मागून वहिनी आल्या, हातात कापडी पिशवी. पिशवीतून एक जाडजूड पुस्तक डोकावत होतं. त्यांच्या मागून थोरला मुलगा. हा वकील. म्हणजे कोर्टात उभं राहण्याचा योग अजून आलेला नव्हता, कागदांवर शिक्के मारायचं काम तो करायचा, पण घरात त्याचा रुबाब न्यायाधीशाचा. सगळ्यांत शेवटी धाकटी, हातापायांना व्यायाम देणारी डॉक्टर, दवाखान्यातून थेट आलेली. हे घर तिनंच शोधलं होतं.

"आत्या, अंधारात काय बसलात सगळे?" असं म्हणत तिनं आल्या आल्या खटाखट बटणं दाबली. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. सगळीकडे लख्ख.

आत्यानं मनातल्या मनात दिवे मोजले. तिन्ही? तिन्ही कशाला? पण पाहुणे होते, बोलायची सोय नव्हती. ती दादाला खुर्ची द्यायला गेली आणि जाता जाता, अगदी सहज, आतल्या खोलीतलं बटण बंद करून आली.

"करार दाखव," वकील म्हणाला. तिनं दिला. त्यानं तो खिडकीशी नेऊन आधी वरून खाली आणि मग खालून वर वाचला. "भाडं लाइट, पाणी, गॅस धरून. हं. हे धरून-बिरून प्रकरण मला कधीच आवडत नाही. सगळं मोघम ठेवायचं आणि मग भाडेकरूला कोपऱ्यात गाठायचं."

"मोघम काय त्यात?" धाकटी म्हणाली. "एकदा भाडं दिलं की झालं. बिलबिल काही नाही."

"बिल नाही असं कसं? बिल कुणाला तरी येतंच."

आणि इथेच तर आत्याचं घोडं तीन महिने पेंड खात होतं. 'सगळं धरून' हे शब्द ऐकूनच तिनं हे घर पसंत केलं होतं. बिल येणार नाही. कुणी ते चष्मा लावून वाचून दाखवणार नाही. पहिल्या संध्याकाळी ती या खोलीत आली, दिवा लावला, आणि दोन मिनिटांत तिच्या डोक्यात आलं की बिल येणारच आहे, फक्त ते खालच्या बाईंकडे जाणार आहे. म्हणजे मीटर परत दुसऱ्याचंच. दादाचं नाही तर चष्मेवाल्या बाईंचं. मग किती लावायचा दिवा? किती वेळ? किती लावला म्हणजे बरं दिसतं? करारात तसं काही लिहिलेलं नव्हतं. तिनं तो तीनदा वाचला होता. शेवटी तिनं आपल्या परीनं मार्ग काढला. कमीत कमी. आंघोळ गार पाण्यानं. स्वयंपाक एकवेळचा, कुकरमध्ये सगळं एकत्र. फ्रिज बंद. आणि संध्याकाळी दिवा लावायची गरजच नव्हती, कारण खिडकीखालीच दुकानाची पाटी होती, त्यावर दोन हात लांबीचा निळा चष्मा, विजेचा. तो लागला की खिडकीपाशी छान उजेड पडायचा. त्या उजेडात ती शिवत बसायची, ओळखीच्यांची जुनी फाटकी पुस्तकं. ती पाटीही बाईंचीच, पण ती काही आपल्यासाठी लावलेली नव्हती.

एका गोष्टीची मात्र तिला मनातून खात्री होती. बाई खूश असणार. असा भाडेकरू त्यांना दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. करार त्या वाढवणारच.

वहिनी दूध ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. आत्या लगबगीनं मागे गेली. वहिनी फ्रिजसमोर उभ्या होत्या. आत वरच्या फळीवर दोऱ्याची रिळं, मधल्या फळीवर खळीचा डबा, खाली पुठ्ठे नीट रचून ठेवलेले.

"कपाट म्हणून बरा पडतो," आत्या म्हणाली.

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं एका ओट्यावर काम केलेल्या दोन बायका. भांडण असं त्यांचं कधी झालं नाही आणि मैत्री अशीही कधी झाली नाही. एकीनं 'वन्सं' म्हणायचं, दुसरीनं 'वहिनी', दोघींनी एकमेकींना अहो-जाहो करायचं आणि आपापला पदर सांभाळायचा. वहिनींनी फ्रिजचं दार लावलं आणि दूध ओट्यावर ठेवलं.

साडेसहाला चष्मेवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत, कपाळावर एक चष्मा आणि गळ्यात साखळीला दुसरा. खोलीत एवढी माणसं बघून त्या जरा चपापल्या.

"हे माझ्या माहेरचे," आत्या म्हणाली. "बसा ना बाई. चहा टाकते."

"चहा नको, मावशी. मी स्पष्टच बोलते. मला करार वाढवायचा नाही."

दादानं खुर्चीत पाठ टेकली.

"का?" धाकटीनं विचारलं.

"कारण तुमच्या आत्या इथे राहत नाहीत."

"काय?"

"राहत नाहीत. घर घेऊन ठेवलंय. कशासाठी ते मला माहीत नाही, आणि मला जाणूनही घ्यायचं नाही. मागच्या वेळी एकानं असंच घेतलं. बायकोबरोबर राहतो म्हणाला. आणि इथे भरली होती कसली कसली खोकी! पोलीस आले तेव्हा त्यांना मी उत्तरं देत बसले. एकदा पोळलेय मी. म्हणून आता करारात पहिलीच अट, भाडेकरूनं स्वतः राहायचं."

"पण मी राहते की!" आत्या म्हणाली.

"मावशी, मी आज मीटर बघितलं. तीन महिन्यांत ते एवढंसं हललंय. माझ्या दुकानात एका दिवसाला याहून जास्त जळते वीज. गीझर एकदाही लागलेला नाही. संध्याकाळी रस्त्यावरून वर बघते तर खिडकी काळीकुट्ट. आणि दिवसभर मी खाली बसलेली असते, डोक्यावर कुणी चालल्याचा आवाज नाही, खुर्ची सरकल्याचा नाही, काही नाही. मांजर असतं तरी कळलं असतं."

कौतुकासाठी पुढे केलेल्या गालावर कुणी चपराक द्यावी तसं आत्याचं झालं. हेच सगळं तर ती शाबासकीसाठी जमवून बसली होती! तेच मीटर, तोच गीझर. तिला काही कळेना.

"बाई, मी वाचवलं," ती म्हणाली.

"काय वाचवलं?"

"लाइट."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? मी सांगितलं होतं का?" चष्मेवाल्या बाईंचाही आता गोंधळ उडाला. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "अहो, भाड्यात धरलंय ना सगळं!"

"धरलंय म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय?"

आत्याला ते इतकं उघड वाटत होतं की शब्दांत मांडायची वेळ आजवर आलीच नव्हती. ज्याचं बिल आपण बघत नाही, त्याला हात कसा लावायचा? बिल समोर असलं तर निदान कळतं, कितीनं चुकलो ते.

दादा उठला. "झालं तर मग. बाई, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. चिंगे, आता खरं सांग. राहतेस कुठं तू?"

"इथंच."

"रात्री झोपतेस कुठं?"

"आतल्या खोलीत."

"मग मीटर खोटं बोलतंय? बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होतो मी. माणूस खोटं बोलतो, मीटर नाही."

"आत्या," वकील आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, आम्ही घरचीच माणसं आहोत. दुसरीकडे कुठे राहत असशील तर सांगून टाक. कुणी... म्हणजे कुणी सोबत असेल तर..."

"अरे देवा!" धाकटी ओरडली. "काय बोलतोयस तू?"

"मी शक्यता मांडतोय."

"शक्यता कसली मांडतोयस, त्रेसष्ट वर्षांच्या बाईची?"

पण बोलता बोलता धाकटीनंही आत्याकडे एक नजर टाकली, आणि त्या नजरेत प्रश्न होता. ती नजर आत्याला लागली. हिनं घर शोधून दिलं, बापाशी भांडली, बाईंना 'माझी आत्या आहे, डोळे मिटून द्या' म्हणून शब्द दिला, आणि आता हिलाही खात्री नाही. आत्याला क्षणभर स्वतःचीच शंका आली. राहते ना मी इथे? राहणं म्हणजे नक्की काय असतं? मीटर हलत नाही, जमीन वाजत नाही, खिडकीत कुणी दिसत नाही. मग राहतं ते कोण?

"टेम्पो सातला येतोय," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. तो जिंकला की असाच मऊ व्हायचा. "चल, आवर. घरी तुझी खोली तशीच आहे. कुणी हात लावलेला नाही."

आत्या खरोखरच ट्रंकेकडे वळली. दुसरं काय करणार? ज्या घरात आपण राहतो हे आपल्याला सिद्ध करता येत नाही, त्या घरासाठी भांडायचं तरी कुठल्या तोंडानं? तिनं ट्रंकेची कडी धरली. तिला हे घर हवं होतं. ही खिडकी हवी होती. एवढंच हवं होतं आयुष्यात तिला, आणि तेही तिनं स्वतःच्या शहाणपणानं घालवलं होतं.

"वन्सं, कडी सोडा," वहिनी म्हणाल्या.

इतका वेळ त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. वहिनी चारचौघांत बोलत नसत. त्यामुळे त्या बोलल्या की सगळे वळून बघत.

"बाई, या इथेच राहतात," त्या चष्मेवाल्या बाईंना म्हणाल्या. "आमच्या घरचा नियम आहे. सासऱ्यांनी घातलेला, ह्यांनी पाळलेला. संध्याकाळी एका वेळी एकच दिवा. ज्या खोलीत दिवा, त्या खोलीत सगळं घर. तिथंच जेवण, तिथंच अभ्यास, तिथंच ह्यांच्या बातम्या. दुसऱ्या खोलीत काही आणायला जायचं तर अंधारात जायचं."

"मग त्यात वाईट काय होतं?" दादा म्हणाला. "त्यामुळे घर एकत्र राहिलं."

"एकाच दिव्याखाली पाच माणसं, मी कायदा कसा पाठ केला ते माझं मला माहीत," वकील पुटपुटला.

दादानं मान वळवली. "तू माझ्या बाजूनं आहेस की तिच्या?"

"मी बाजूच घेत नाहीये, बाबा. फक्त सांगतोय."

"मी अजून दवाखान्यातले दिवे घालवत फिरते," धाकटी म्हणाली. "परवा घालवला, आत पेशंट होता. पाय वर बांधलेला."

चष्मेवाल्या बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "नियम सगळ्यांनाच होता ना? मग या इतक्या कशा—"

"नियम सगळ्यांना होता," वहिनी म्हणाल्या. "पण महिन्याचं बिल आलं की हे जेवण झाल्यावर ते मोठ्यानं वाचायचे. शेवटचा आकडा वाचला की चष्म्यावरून बघायचे. कुणाकडे बघायचे, विचारा."

दादा एक पाऊल पुढे आला.

"मी?" दादा म्हणाला. "मी कुणाकडे बघायचो?"

"वन्संकडे."

"मी सहज बघत असेन! ती समोर बसायची. समोर बसणाऱ्याकडेच बघतो माणूस." तो आत्याकडे वळला. "चिंगे, सांग हिला. मी तुला कधी एका शब्दानं बोललोय?"

"नाही," आत्या म्हणाली. आणि ते खरंच होतं. एका शब्दानं नाही.

"अगं, तू पगाराचं पाकीट न फोडता माझ्या हातात द्यायचीस. ते दिवे तुझेही होते!"

आत्यानं मान वर केली. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस, दादा."

दादा खुर्चीवर बसला, परत उठला, परत बसला. हे असं काही असेल हे त्याच्या कधी गावीही नव्हतं, आणि आता सगळे जण त्याच्याकडे बघत होते तर त्याला नजर कुठं ठेवावी ते कळेना.

चष्मेवाल्या बाईंनी घसा साफ केला. "हे सगळं तुमचं घरचं झालं. वाईट वाटतं ऐकून. पण मला कसं कळावं? उद्या तुम्ही सगळे एक होऊन मला गोष्ट सांगताय असंही असेल की."

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" वहिनी म्हणाल्या. "दिवे घालवा सगळे. तुमची खालची पाटीसुद्धा घालवायला सांगा."

"पाटी? ती का?"

"सांगा तर."

बाईंनी दुकानात फोन केला. 'हो, बंद. का ते विचारू नका, मलाही माहीत नाही,' असं म्हणून ठेवला. धाकटीनं बटणं बंद केली. खिडकीतला निळा उजेड विझला आणि खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख झाला.

"वन्सं," काळोखातून वहिनींचा आवाज आला, "सगळ्यांना चहा करा."

आत्याला आधी कळलंच नाही, यात विशेष ते काय. तिनं पदर खोचला आणि ती गेली. ट्रंकेला वळसा, खुर्चीच्या पायापासून वीतभर लांब, चार पावलांवर उंबरा. पातेलं उजवीकडच्या खिळ्याला. पाणी मापायला बोट पुरे. गॅसची निळी ज्योत पेटली, तेवढीच. तिचा प्रकाश पातेल्याच्या बुडाखालीच राहिला. साखरेचा डबा दुसऱ्या फळीवर, चहापूड त्याच्या डावीकडे, चमचा डब्यातच. दूध वहिनींनी ओट्याच्या कडेला ठेवलेलं, ते मात्र तिनं जरा चाचपलं. दादाला साखर कमी. वकिलाला जास्त. धाकटीला बिनसाखरेचा, म्हणून आधी तिचा कप वेगळा काढायचा. उकळीचा आवाज वर चढला की तीन आकडे मोजायचे आणि खाली घ्यायचं. कप चारच होते, म्हणून दोन वाट्या.

बाहेरच्या खोलीत सगळे कान देऊन ऐकत होते.

"या कुठे आहेत आता?" चष्मेवाल्या बाईंनी हळूच विचारलं.

"इथंच," आत्या त्यांच्या कानाशी म्हणाली.

"अगं बाई!" बाई दचकून भिंतीला टेकल्या.

"घ्या. कान उजवीकडे आहे." आत्यानं कप त्यांच्या हातात दिला. मग दादाला. मग बाकीच्यांना, वाट्या वहिनींना आणि स्वतःला. एक थेंब सांडला नाही.

काळोखात चहा पिण्याचे आवाज येत राहिले. मग दादाचा आवाज आला, "साखर बरोबर आहे." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. पाच वर्षांची असताना ती काळोखाला घाबरायची, आणि त्याचं बोट धरल्याशिवाय मोरीपर्यंत जायची नाही, हे त्या दोघांशिवाय आता जगात कुणालाच माहीत नव्हतं.

धाकटीनं दिवा लावला. सगळ्यांनी डोळे मिचकावले. चष्मेवाल्या बाई हातातल्या कपाकडे बघत होत्या.

"मला माझ्या स्वतःच्या घरात हे जमणार नाही," त्या म्हणाल्या. "राहताय. कबूल. वाढवते मी करार. पण माझीही एक अट आहे, मावशी. संध्याकाळी खिडकीत उजेड दिसला पाहिजे. रोज. वरचं घर काळं दिसलं की रस्त्याला वाटतं ओसाड आहे, मग नको ते लोक दुकानावर डोळा ठेवतात. आणि गीझर लावत जा हो, थंडी आली."

"किती?" आत्यानं विचारलं.

"काय किती?"

"उजेड. किती वेळ? आणि किती दिवे?"

बाईंनी दोन्ही चष्मे एकापाठोपाठ एक डोळ्यांना लावून तिच्याकडे पाहिलं. "अहो, मला काय माहीत? तुम्हाला लागतील तेवढे."

"म्हणजे साधारण?"

"एक पुरे," दादा म्हणाला.

दादानं स्वतःचेच शब्द ऐकले आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "म्हणजे... मी आपलं... सवयीनं." जित्याची खोड! मग वकील आधी हसला, त्याला बघून धाकटी, आणि शेवटी दादाही हसला, पण त्याचे डोळे काही हसत नव्हते.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

"त्याचं काय करायचं आता?" वकिलानं विचारलं.

"काय करायचं म्हणजे? ठरवलाय, तर जाईन त्यातनंच घरी." दादा उठला. दारापाशी जाऊन तो थांबला, आत्याकडे वळला. मग वहिनींकडे बघून म्हणाला, "चल."

वहिनी बसल्या होत्या त्या उठल्या नाहीत. "तुम्ही व्हा पुढे. मी आज वन्संकडे राहते."

"राहते? आणि का?"

"मला वाचायचंय."

"घरी वाच की!"

"घरी तुम्ही नवाला दिवा घालवता," वहिनी म्हणाल्या. "आणि त्याआधी बातम्या असतात. हे पुस्तक तिसऱ्यांदा मुदत वाढवून आणलंय वाचनालयातून. पन्नास पानांच्या पुढे गेले नाही अजून." त्यांनी पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि मांडीवर ठेवलं. "इथं लाइट धरून आहे म्हणे."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आला होता बहीण न्यायला आणि निघाला होता बायको ठेवून. तो वकिलाकडे बघून काही मदत मिळते का चाचपत राहिला. वकिलानं कराराची घडी घातली, ती ट्रंकेवर ठेवली आणि म्हणाला, "पाहुण्यांबद्दल यात काही अट नाही, बाबा."

सगळे जिना उतरले. चष्मेवाल्या बाईही गेल्या. आत्या आणि वहिनी दोघीच राहिल्या, आणि चाळीस वर्षांत त्या दोघीच एका घरात अशा कधी नव्हत्या.

"वहिनी, तुम्हाला कसं कळलं? मी इथे अशी राहते म्हणून?"

"फ्रिज बघितला ना." वहिनी उठल्या. "आणि तुम्ही नसताना मी पण तेच करायचे, वन्सं. हे बाहेरगावी गेले तरी. खोलीत एकटी असले तरी. हात पुढेच जायचा नाही बटणाकडे."

त्या आतल्या खोलीत गेल्या. बटणाचा आवाज झाला. दाराच्या फटीतून पिवळी रेघ बाहेर आली, आणि मग वहिनींनी दार लोटून घेतलं.

आत्या बाहेरच्या खोलीत उभी राहिली. आत दिवा होता. मग बाहेरचा कशाला? दिवा आत, तर सगळ्यांनी आत. तिचे पाय आपसूकच वळले, हात बटणावर गेला. तिच्या पावलांचा आवाज तर मुळी झालाच नव्हता, तरी वहिनींना कळलं.

"वन्सं, हात काढा," दारामागून वहिनी म्हणाल्या. पुस्तकाचं पान उलटलं.

आत्यानं हात काढला. आता या उजेडाचं करायचं काय, तिला समजेना. ती इकडे तिकडे बघत राहिली. दिवसा खिडकीकडे तोंड करून शिवायचं आणि रात्री त्या निळ्या उजेडात, त्यामुळे भिंत पांढरी आहे असं ती इतके दिवस धरून चालली होती. ती पांढरी नव्हतीच. फिकट हिरवी होती. तीन महिने आपण हिरव्या खोलीत राहतोय आणि आपल्याला पत्ताच नाही, या विचारानं तिला हसायला आलं आणि मग हसता हसता डोळे भरून आले.

ती खिडकीशी गेली. खाली निळा चष्मा परत लागला होता. त्याच्या पलीकडे रिकामा टेम्पो उभा होता, आणि त्याच्या दाराला धरून दादा वर बघत होता. दोन खिडक्या, दोन दिवे. तो एकीकडून दुसरीकडे आणि परत पहिलीकडे बघत होता. ती दिसताच त्यानं हात वर केला आणि हलवला.

निरोप घेत होता, की एक बंद कर म्हणत होता? इतक्या वरून काही कळत नव्हतं. कदाचित त्यालाही कळत नसावं. आत्या थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनंही हात वर केला, सात वर्षांच्या मुलीसारखा जोरजोरात हलवला, आणि दिवा तसाच राहू दिला.